जमिनीवर बसणारा पाय

जुम्म्याची नमाज आटोपून पुरुष घरी यायला अजून पाऊण तास होता, आणि तेवढ्यात बहिजाला घरात एक पाय लपवायचा होता.

पाय तसा मोठा नव्हता. गुडघ्याखालचा, डावा, बाईमाणसाचा. टॉवेलमध्ये गुंडाळून तिनं तो तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला होता. कुवेतच्या खैतान भागातल्या त्या इमारतीची लिफ्ट शुक्रवारी हमखास रुसायची, आजही रुसली होती. तिसऱ्या मजल्यावर एक केरळी बाई कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आली, तिनं टॉवेलमधून डोकावणारी पाच बोटं पाहिली, आणि सलाम अर्धाच सोडून दार लावून घेतलं.

चौथ्या मजल्यावर बहिजा भिंतीला टेकून उभी राहिली. वय एकसष्ट. तेहतीस वर्षं लोकांच्या पायांशी गुडघे टेकून बसलेल्या बाईचे स्वतःचे गुडघे कधीतरी बोलणारच, ते आता बोलत होते. दार सुनेनं उघडलं. जवेरियाला सहावा महिना होता, हातात झारा होता.

"अम्मी, हे काय?"

"पाय."

"कोणाचा?"

"गप. आत तरी येऊ दे."

कपाटात ठेवावा तर मुलगा साबीर आल्या आल्या कुर्ता बदलायला कपाट उघडणार. पलंगाखाली ठेवावा तर खोका ओढावा लागणार. शेवटी पाय वॉशिंग मशीनच्या मागे गेला, बोटं भिंतीकडे करून.

"अम्मी, मीही एक गोष्ट सांगते, पण माझं नाव घेऊ नका," जवेरिया हळूच म्हणाली. "फ्रिजवर तो पिवळा लखोटा आहे ना? साबीर आज सगळ्यांसमोर काढणार आहे. तौफीकचाचांना माहीत आहे, फुफींनाही. सही घेणार आहे तुमची."

"मना बुधवारीच कळलंय," बहिजा म्हणाली आणि हात धुवायला गेली.

नखांमधलं प्लॅस्टर निघालं नाही. ते कधीच निघत नसे.


नाव

केंद्रात पाय करून घ्यायला येणाऱ्याचं बहिजा जे कार्ड भरायची, त्यावर पहिली ओळ नावाची. या कार्डावर लिहिलं होतं: सुगरा.

म्हणजे हमीदची थोरली बहीण, बहिजाची नणंद, वय सत्तर, मुक्काम राजिवडा, रत्नागिरी. हमीद जाऊन चार वर्षं झाली होती. सुगरा मात्र महिन्याभरापूर्वी व्हिजिट व्हिसावर आली, आणि येताना तेहतीस वर्षांची अढी सामानात बांधून घेऊन आली. हमीदनं तेव्हा घरी कळवलं होतं की मी इथल्या एका मोरोक्कोच्या मुलीशी निकाह करतोय, तेत्वान गावची आहे, लढाईनंतर सुरुंगांवर पाय गेलेल्या माणसांना नवे पाय करून देते. त्यावर सुगराचा निरोप आला होता: "खानदानात सुतार चालंल. सून पन चालंल. सुतार सून कुटं बघितलीस?"

दोन वर्षांपूर्वी साखरेनं सुगराचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. तिकडेच कुठेतरी तिला एक कृत्रिम पाय मिळाला होता. तो लावून ती उभी राहायची, चार पावलं चालायची, खुर्चीत बसायची. फक्त खाली बसता येत नव्हतं.

आणि या घरात शुक्रवारचं जेवण खाली व्हायचं. मोठा थाळा मध्ये, सगळे भोवती. हमीदच्या घरी तसंच होतं आणि बहिजाच्या आईकडेही, तेव्हा या एका गोष्टीवरून नवराबायकोत कधी वाद झाला नाही. पहिल्या शुक्रवारी सुगरा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मांडीवरच्या बशीत जेवली. वरून तिला सगळ्यांची टाळकी दिसत होती. थाळ्यातलं काही दिसत नव्हतं.


कोणता पाय

डावा.


या पायाने काय करायचे आहे?

ही ओळ छापील कार्डावर नव्हती. बहिजानं ती स्वतःच्या हातानं वाढवली होती, पहिल्या वर्षीच, आणि पुढे तिच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकीला ती भरायला लावली होती. लांबी, घेर, वजन ही मापं टेपनं घेता येतात. हे माप विचारून घ्यावं लागतं.

तीन आठवड्यांपूर्वीची दुपार. साबीर आणि जवेरिया कामावर. बहिजानं सुट्टी घेतली होती. सुगरा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजत होती आणि मोजतामोजता म्हणाली, "तू जगाला पाय लावतंस. मना कदी इचारलंस?"

"तू रागावशील, बुबू."

"रागावलेच असते. पन इचारायचं तरी."

बहिजानं खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला. सुगरानं चेहरा खिडकीकडेच ठेवला. बहिजानं बोटांनी चाचपून पाहिलं. हाड कुठे टोचतं, कातडी कुठे पातळ आहे, जुन्या पायानं कुठे घट्टा पाडलाय. मग तिनं तो प्रश्न विचारला.

"चालून मी कुटं जानार गो?" सुगरा म्हणाली. "मना खाली बसायचंय. तुमच्यात. थाळ्यावर. नि कुनी हात न देता उठायचंय."

बहिजानं गुडघ्यामागे अंगठा दाबून पाहिला. कारण हीच तर तिच्या सगळ्या नोकरीची गोष्ट होती. कॅटलॉगमधले पाय खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी केलेले असतात. उरलेला पाय ज्या वाटीत बसतो, तिची मागची कड उंच असते, आणि गुडघा अर्ध्यातच अडतो. इथे माणसं नमाजेला खाली, जेवायला खाली, दिवाणियाच्या बैठकीतल्या गप्पांना खाली. तेहतीस वर्षं ती ही मागची कड कापत आली होती, इतकी की वाटी सुटू नये आणि इतकी की माणूस बसावा. ही कापायची रेषा कुठल्या पुस्तकात नव्हती. ती तिच्या अंगठ्यात होती.

"केंद्रात यायला लागेल, बुबू. साचा घ्यायला."

"दहा लोकांसमोर थोटा पाय उघडा करनार नाय मी. जा कर, नाय तर ऱ्हाव दे."

मग साचा बाथरूममध्ये घेतला गेला. प्लॅस्टरच्या पट्ट्या, कोमट पाणी, दाराला आतून कडी. साबीरला सांगितलं, नळ गळत होता.


दुखरी जागा

कुवेतमध्ये माणसाला राहायचं तर इकामा लागतो, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि तो कोणाच्या तरी नावावर असतो. काम देणाऱ्याच्या, नाहीतर घरच्या माणसाच्या. बहिजाचा कायम कामाचा होता. हमीद जिवंत असतानाही तिनं तो त्याच्या नावावर जाऊ दिला नव्हता. हमीद हसायचा आणि म्हणायचा, "बायको माझी, इकामा हाडवैद्याचा."

गेल्या महिन्यात साबीरला शीतगृहाच्या कंपनीत बढती मिळाली, आणि आईला आपल्या नावावर घेण्याचा रस्ता त्याला मोकळा झाला. एकदा तसं झालं की राहता येतं, खाता येतं, फिरता येतं. काम करता येत नाही.

बुधवारी अकरा वाजता बहिजा जाब्रियाच्या केंद्रात आतल्या खोलीत होती, कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. बाहेर आली तर स्वागताच्या टेबलामागून बिल्कीस उठून उभी राहिली.

"अबला बहिजा, मबरूक!" ती म्हणाली. अबला म्हणजे इथल्या अरबीत शिकवणाऱ्या बाई. "मुलगा मिठाई देऊन गेला. म्हणाला, मा आता आराम करणार. कागदपत्रांचं बघणाऱ्या मंदूबशीही बोलून गेला."

"आत नाही आला?"

"मी म्हटलं बोलावते. नको म्हणाला, सरप्राइज आहे."

संध्याकाळी डॉक्टर अबरारनी तिला खोलीत बोलावलं. केंद्र त्यांचं. त्या पाच वर्षांच्या असताना बहिजानं त्यांच्या वडिलांना पाय करून दिला होता, आणि पुढे तिनं केलेल्या पायावरच वडील लेकीच्या लग्नात नाचले होते.

"मी तुला एकच सांगते," त्या म्हणाल्या. "शुवैखचा हॉल तयार आहे. दोन वर्षं आपण दोघी त्यामागे आहोत. लायसन्सवर प्रमुख म्हणून तुझं नाव. रविवारी सकाळी पाहणीला माणूस येईल, त्याच्यासमोर तुझी सही हवी. इकामा मुलाकडे गेला की तुझं नाव उतरलं, आणि तुझं नाव उतरलं की हॉल गेला. मी तुझ्या मुलाला फोन करणार नाही. ते तुझं घर आहे."

शुवैखबद्दल बहिजानं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. एका बाजूला रेडिएटर दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला टायरवाला, मध्ये तिचा हॉल. सहा मुली पाय करणं शिकायला येणार होत्या. दवाखान्यासारखा हिरवा रंग नको, तिनं ठरवलं होतं. पिवळा. फरशीवर एक जाड गालिचा, खाली बसून पाहायला. कोपऱ्यात पुदिन्याच्या चहाची किटली. पहाटे साडेपाचला कॉफी पिताना ती मनात हॉल झाडून काढायची, खिडक्या पुसायची, मुलींना ओरडायची. दोन वर्षं दररोज.

सांगितलं का नव्हतं? हसतील म्हणून. बस, इतकंच.


'हमीद मंझिल' या ग्रुपवर, गुरुवार

साबीर: उद्या एक वाजता सगळे. मासाठी सरप्राइज. नो एक्सक्यूज.

तौफीक चाचा: माशाल्ला. मी झुबैदी आणतो. मोठी.

जवेरिया: 👍

साबीर: मा, तू फक्त यायचं. काही करायचं नाही. काहीच नाही.

बहिजा: बघू.


तपासणी

ठरलं असं होतं की पुरुष नमाजेहून यायच्या आत सुगराच्या खोलीत पाय लावून पाहायचा. पण सुगराची नमाज लांबली, आणि पुरुषांची वेळेआधी आटोपली. दार वाजलं तेव्हा पाय मशीनमागेच होता.

"मा! बस. बस म्हणतो ना. आज तू चमचासुद्धा उचलायचा नाही."

साबीर पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात होता, अंगाला ऊदाचा वास. तौफीक मागून झुबैदी, म्हणजे इकडचं पापलेट, घेऊन आला. हमीदचा हा धाकटा भाऊ साठीला टेकला होता, खैतानमध्येच त्याचं स्टेशनरीचं दुकान होतं, आणि घरात तो नेहमी शेवटी बोलेल त्याच्या बाजूचा असायचा.

झुबैदीचं कालवण झालं, भात निवत ठेवला, आणि जेवणाआधीच साबीरला राहवेना. त्यानं फ्रिजवरून लखोटा काढला.

"मा, पंधरा दिवसांत तुझा इकामा माझ्या नावावर. साडेपाचचा अलार्म बंद. प्लॅस्टर बंद. दुखरे गुडघे घेऊन उठबस बंद. इथं सही कर, की झालीस तू राणी."

"भाबी, मुबारक," तौफीक म्हणाला. "हमीदभाईची दुआ लागली. असा लेक नशिबानं मिळतो."

बहिजानं कागद हातात घेतला नाही.

"बुधवारी तू केंद्रात आलेलास."

साबीरचा चेहरा पडला. "कोणी सांगितलं? सरप्राइज होतं ते."

"आत का नाय आलास?"

"तू बिझी होतीस, मा."

"मी तेहतीस वर्षं बिझी हाय." तिनं ओढणी सारखी केली. "वलदी, लेका, ऐक. मी सही नाय करनार."

स्वयंपाकघरातून जवेरिया दारात आली. बहिजानं मग शुवैखचं सगळं सांगितलं. हॉल, सहा मुली, रविवार.   मोजमाप सांगावं तसं ती सांगत गेली.

साबीर आधी हसला. वाईट हेतूनं नाही. लहान मूल चंद्रावर जायचं म्हणतं तेव्हा हसतात तसा.

"शुवैख? गॅरेजवाल्यांच्या मधे? या वयात? मा, लोक काय म्हणतील? मुलाला बढती मिळाली आणि आई टायरच्या दुकानाशेजारी पाय घासत बसली!"

"ता पन खरं हाय," तौफीक म्हणाला.

"लोक म्हनतील, बाई चांगले पाय करते."

"ता पन हाय," तौफीक म्हणाला.

"चाचा, प्लीज!" साबीर बायकोकडे वळला. "जवेरिया, बोल ना तू."

जवेरियानं पदराला हात पुसले. "मी खरं बोलते. अम्मी, मला तुम्ही घरी हव्या आहात. बाळ झालं की मला फार्मसीत परत जायचंय, आणि बाळ तुमच्याशिवाय कोणाकडे ठेवायला माझा जीव धजणार नाही. मी याच हिशेबात होते." ती थांबली. "पण साबीर, तू न विचारता ऑफिसात गेलास हे मला आवडलं नाही. माझ्या ऑफिसात गेला असतास तर मी तोंड पाहिलं नसतं तुझं."

आता राहिली एक. साबीरनं अगदी आदबीनं विचारलं, "फुफी, तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही सांगा हिला."

सुगरा प्लॅस्टिकच्या खुर्चीत होती, जुना पाय लावलेली, हात मांडीवर. बहिजानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहण्यात अर्थ नव्हता. इतक्या वर्षांत नणंदेनं तिच्या बाजूनं एकदाच तोंड उघडलं होतं, तेही हमीदच्या मयतीनंतर, फोनवर, "तिला कुनी पानी द्या" एवढं म्हणायला.

"आदी जेवू," सुगरा म्हणाली. "कालवान थंड होतंय. जवेरिया, थाळा खाली मांड. नि बहिजा, मशिनीमागं माजा पाय हाय, तो आन."

सगळे मशीनच्या दिशेनं बघायला लागले.

"बघताव काय? जमिनीवर बसून जेवनार मी आज."

"बुबू, अजून एकदाही लावून बघितला नाय," बहिजा म्हणाली. "तिकडं खोलीत चल."

"हयच. माजेच लोक हायत."

बहिजा उठली, आणि उठताना तिच्या अंगात बुधवारपासून जे आखडलं होतं ते सुटलं. आता तिला काय करायचं ते ठाऊक होतं. तिनं मशीनमागून नवा पाय आणला आणि सुगराचा जुना सोडवला. "साबीर, ये इकडे. गुडघ्यावर बस. हा मोजा वर ओढून धर. सुरकुती नको, एक पन नको. तौफीकभाय, भिंतीकडे तोंड करून काय उभे? बुबूची खुर्ची मागून धरा. जवेरिया, लिपस्टिक आन."

"कोणती?"

"लाल. पुसली जानारी."

"माझी चोवीस तास टिकते."

"मग नको. जुनी, वाईट, असंल ती दे."

तिनं मोज्यावरूनच सुगराच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या टोकावर लिपस्टिकचा ठिपका लावला आणि वाटी चढवली. सुगरा दोन्ही हातांनी तौफीकला धरून उभी राहिली, वाकायला गेली, आणि ओरडली.

"आग गो आग!"

"कुटं? मागं का बाजूला?"

"सगळीकडं!"

"सगळीकडं कदी दुखत नाय. बोट लाव."

पाय काढला. वाटीत आत लाल डाग उमटला होता, रुपयाएवढा. बहिजानं पर्समधून अर्धगोल कानस काढली. साबीर ती कानस पाहत राहिला. आईच्या पर्समध्ये किल्ल्या आणि गोळ्यांचं पाकीट असतं एवढंच त्याला ठाऊक असावं. ती फरशीवर मांडी घालून बसली, वाटी दोन पायांत धरली आणि खर्र, खर्र, चार हात इकडे, दोन तिकडे, फुंकर. पांढरा भुगा साबीरच्या कुर्त्यावर उडाला. मग तिनं मागची कड घेतली. केसभर. पुन्हा केसभर.

"बोट फिरव," ती त्याला म्हणाली. "डोळे मीट. कुटं अडतं?"

साबीरनं डोळे मिटले. त्याचं बोट कडेवरून फिरलं आणि थांबलं. "इथं."

"बरोबर." तिला वाटलं त्यापेक्षा जास्त आनंद झाला. बोट अगदी तिथेच थांबलं होतं जिथे तिचं थांबलं असतं. "हमाल नायस तू. मापाचा हात हाय तुजा."

तौफीक वरून म्हणाला, "जरा अजून घासा भाबी, डावीकडं."

"तुमी खुर्ची धरा."

दुसऱ्यांदा पाय चढला. सुगरानं चांगला पाय पुढे घेतला, बहिजानं शिकवलं तसं हात जमिनीला टेकला, आणि सत्तर वर्षांची ती बाई हळूहळू, अवघडत, बिस्मिल्ला म्हणत खाली आली. गुडघा वाकला. आणखी वाकला. मांडी पूर्ण पडली नाही, एका कुशीवर झाली, पण बसली. थाळ्याशी बसली.

 ती थाळ्याकडे पाहत राहिली. मग तिनं भाताला हात घातला.

सगळे जेवले. लखोटा पंख्याच्या वाऱ्यानं सोफ्यावरून खाली पडला, तो कोणी उचलला नाही. या घरात प्रत्येकानं आपल्या समोरचंच खायचं, आणि मधला चांगला तुकडा घरातल्या मोठ्यानं ज्याचा मान त्याच्याकडे सरकवायचा. हमीद असताना तो सरकवायचा, नंतर हे काम कोणीच केलं नव्हतं. सुगरानं झुबैदीचा पोटाकडचा तुकडा बोटांनी अलगद सोडवला. साबीरनं, लाडक्या भाच्यानं, सवयीनं आपल्या पुढ्यातला भात बाजूला करून जागा केली. तुकडा त्याच्यासमोरून गेला आणि बहिजापुढे येऊन थांबला.

बहिजानं तो खाल्ला. काटे काढताना तिला नीट दिसत नव्हतं.

"आता उठायचं," ती तोंड पुसून म्हणाली. "उठल्याशिवाय पाय मी देत नसते कुनाला."

सुगरानं हात टेकला, जोर केला, आणि धपकन मागे बसली. साबीरचा हात आपसूक पुढे गेला. बहिजानं त्यावर चापट मारली. "हात मागं!"

"पडतील त्या!"

"पडू दे. गालिचा हाय. तू हात दिलास की त्यांना जन्मभर हात लागंल."

"मेल्यानो, माज्या मयतीवर भांडा, आता नको," सुगरा म्हणाली. तिनं चांगला पाय पोटाशी ओढला, नवा पाय मागे टेकवला, दात आवळले, आणि उठली. डुलली, सावरली, उभी राहिली. कोणाला न धरता. जवेरियानं टाळ्या वाजवल्या, तौफीक "सुभानल्ला, सुभानल्ला" करत रडू लागला.

उभ्याउभ्याच सुगरानं साबीरकडे पाहिलं.

"तुजा कागद कुटं हाय?"

त्यानं लखोटा उचलून दिला.

"माजा भाव असता तर त्यानं फाडला असता. मी नाय फाडत, सरकारी कागद हाय." तिनं तो त्याच्या हातात परत दिला. "पन एक सांग मना. हिनं मना खुर्चीतून खाली उतरवलान. नि तू हिला उचलून खुर्चीत बसवाया निगालास?"

साबीर खाली पाहत होता. कुर्ता भुग्यानं भरलेला, बोटाला लाल डाग. "मी तिच्यासाठीच केलं, फुफी."

"ठाऊक हाय," बहिजा म्हणाली.

"नाही ठाऊक!" त्याचा आवाज चढला. "तू मला कधी नेलंस तिथं? एकदा तरी? मला काय माहीत तू काय करतेस? मला फक्त तू संध्याकाळी गुडघे चोळताना दिसतेस, मा."

 नऊ वर्षांचा असताना त्यानं गाडीच्या डिकीत पायांचा खोका पाहिला होता आणि दोन दिवस तापानं फणफणला होता. तेव्हापासून तिनं काम उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्याला जपण्यासाठी. आणि बावीस वर्षं तो उंबऱ्याच्या आतच राहिला.

"चूक माजी," ती म्हणाली. "रविवारी सातला निगायचं. गाडी तू चालव."

"आणि माझं बाळ?" जवेरियानं विचारलं.

"तीनपर्यंत तुमचं. तीननंतर माजं."

"सकाळी?"

"सकाळचं तू नि साबीर ठरवा. तुमाला दोगांना पन हात हायत."

साबीरनं तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, मिटलं.

"ता पन खरं हाय," तौफीक म्हणाला, आणि या वेळी त्याच्यानंतर कोणी बोललं नाही.


हवाली

रविवारी शुवैखच्या गल्लीत सकाळपासून हातोडे वाजत होते. टायरवाल्यानं ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवली होती. हॉलचं शटर साबीरनं वर ढकललं. आत नवा पिवळा रंग, ओल्या चुन्याचा वास, मोकळी फरशी. डॉक्टर अबरार दाराशी फाईल घेऊन उभ्या होत्या. बहिजा येताच त्या तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

साबीर फिरून सगळं पाहत होता. मोठी भट्टी, घासायचं चाक, भिंतीवर अजून रिकामे असलेले खिळे. एका खिळ्यापाशी थांबून त्यानं विचारलं, "इथं काय लागणार?"

"साचे. माणसागणिक एक."

"किती माणसं?"

"भिंत भरेपर्यंत. मग दुसरी भिंत."

पाहणीचा माणूस आठ वाजून दहा मिनिटांनी आला. तरुण होता, कडक इस्त्रीची पायघोळ दिश्दाशा, कानाला फोन. दारांची रुंदी पाहिली, आग विझवायच्या नळकांड्या पाहिल्या, मान हलवत खुणा केल्या. मग फोन खिशात टाकून सरळ साबीरकडे गेला आणि त्याच्यापुढे कागद धरला.

"प्रमुख तुम्ही ना? इथे सही."

साबीरनं दोन्ही हात मागे घेतले.

"मी? मी आज ड्रायव्हर आहे," तो अरबीत म्हणाला. "प्रमुख माझी आई आहे."

तो माणूस वळला. त्याला समोर दिसली करड्या केसांची, सपाट चपला घातलेली, नखांत प्लॅस्टर असलेली एक बाई. त्यानं कागद दोन्ही हातांनी तिच्याकडे केला.

बहिजानं आधी तो वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, घाई न करता. मग सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, हमीदच्या नावासकट. पेन परत देताना तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. तो हॉलच्या बरोबर मधोमध उभा होता.

"बाळा, जरा बाजूला हो," ती म्हणाली. "तिथं लोक चालणार आहेत."